येशू खरंच होऊन गेला का? शुभवर्तमानांची उलटतपासणी

येशूने स्वतः लिहिलेली एकही ओळ आज उपलब्ध नाही. त्याला प्रत्यक्ष पाहणाऱ्या कुणी त्याच्या हयातीत काही टिपून ठेवलं असेल, तर तेही उरलेलं नाही. चित्र नाही, शिलालेख नाही, खटल्याचे कागद नाहीत. ज्याच्या जन्मापासून जगभर सालं मोजली जातात त्या माणसाबद्दल ही परिस्थिती आहे, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा चमकायला होतं. म्हणूनच दर नाताळ आणि ईस्टरला समाजमाध्यमांवर तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, बायबलमध्ये लिहिलंय, अजून कसला पुरावा हवा? दुसरी म्हणते, फक्त बायबलमध्येच लिहिलंय, म्हणजे सगळ्या भाकडकथा.

दोन्ही बाजूंना ग्रंथ एकतर सगळा खरा हवा, नाहीतर सगळा खोटा. इतिहासाचा अभ्यासक असा हट्ट धरत नाही, कारण त्याच्या पुढ्यात येणारा जवळपास प्रत्येक कागद कुणाची तरी बाजू घेऊनच लिहिलेला असतो. बाजू आहे म्हणून कागद फेकून द्यायचे ठरवलं, तर प्राचीन इतिहासाचं दुकानच बंद करावं लागेल.

आणखी एक घोळ आधीच निस्तरू. येशू नावाचा माणूस पहिल्या शतकात होऊन गेला का, हा एक प्रश्न; तो देवाचा पुत्र होता का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर श्रद्धेवर अवलंबून आहे आणि या लेखाचा त्याच्याशी संबंध नाही. पहिल्यावर मात्र ख्रिस्ती, ज्यू, नास्तिक असे सगळे एकाच टेबलाशी बसून भांडू शकतात, आणि भांडतातही.

### आधी कागदपत्रं बघू

येशूचं जीवन, शिकवण, मृत्यू आणि पुनरुत्थान सांगणाऱ्या ग्रंथाला शुभवर्तमान म्हणतात. बायबलच्या नव्या करारात अशी चार आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. येशू आणि त्याचे शिष्य बोलायचे अरामी. ही चारही लिहिली गेली ग्रीकमध्ये. लेखकांनी मजकुरात स्वतःचं नाव कुठेही सांगितलेलं नाही. आज आपण वापरतो ती नावं त्यांना दुसऱ्या शतकात चिकटली.

येशूला वधस्तंभावर दिलं ते इ.स. ३० च्या आसपास. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्क सर्वांत जुना, इ.स. ७० च्या आगेमागे लिहिलेला. रोमन सैन्याने यरुशलेमचं (जेरुसलेमचं) मंदिर जाळलं तो हा काळ. मत्तय आणि लूक साधारण ८० ते ९० च्या दरम्यानचे, योहान शतकाच्या अगदी अखेरचा. म्हणजे घटना आणि पहिलं शुभवर्तमान यांत सुमारे ४० वर्षांचं अंतर. एवढ्या काळात घटनेचा सांगाडा लोकांच्या लक्षात राहतो. कोण नेमकं काय बोललं, कुठल्या दिवशी, कुठल्या गावी, हे मात्र सांगणाऱ्यागणिक बदलत जातं.

मूळ हस्तलिखितंही हाती नाहीत, आहेत त्या नकलांच्या नकला. सर्वांत जुन्या तुकड्यांपैकी एक मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. इजिप्तमध्ये १९२० साली विकत घेतलेला हा पपायरसचा कपटा जेमतेम ९ सेंटिमीटर उंच आणि ६ सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना योहानाच्या १८ व्या अध्यायातल्या तुटक ओळी: रोमन सुभेदार पिलात येशूची चौकशी करतोय, तो प्रसंग. हा तुकडा इ.स. १२५ चा, असं पूर्वी ठणकावून सांगितलं जायचं. नुसत्या अक्षराच्या वळणावरून इतका नेमका काळ काढायला हल्लीचे अभ्यासक कचरतात. दुसरं शतक किंवा थोडं पुढे, एवढंच म्हणतात. शिवाय हा कपटा सिद्ध काय करतो, तर त्या काळी इजिप्तमध्ये हा ग्रंथ वाचला जात होता. ग्रंथातली गोष्ट खरी की खोटी, यावर तो मुका आहे. व्हॉट्सॲपवर 'पुरावा सापडला' म्हणून त्याचा फोटो फिरतो, तेव्हा हे ध्यानात ठेवावं.

### चार साक्षीदार, पण एकमेकांचं ऐकून आलेले

चार जण तेच सांगतात म्हणजे गोष्ट खरी, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण मार्कमध्ये साधारण ६६० वचनं आहेत आणि त्यांपैकी ६०० च्या आसपास वचनांतला मजकूर मत्तयमध्ये सापडतो. कित्येक ठिकाणी तर ग्रीक शब्दही तेच आणि त्याच क्रमाने. लूकनेही मार्कचा निम्म्याहून अधिक भाग घेतला आहे. यात लपवाछपवी काही नव्हती. लूक तर पहिल्याच वाक्यात सांगतो की या घटनांची हकीकत लिहायचा प्रयत्न आपल्याआधी पुष्कळांनी केला आहे. मार्कमध्ये नसलेली पण मत्तय आणि लूक या दोघांतही असलेली आणखी दोनेकशे वचनं आहेत. ती एखाद्या हरवलेल्या वचनसंग्रहातून आली, की लूकच्या टेबलावर मत्तयची प्रतही उघडी होती, यावर अभ्यासकांत अजून जुंपलेली आहे.

तेव्हा मार्क, मत्तय आणि लूक एकमुखाने बोलतात तिथे तीन साक्षी मोजायच्या नाहीत. ती बहुधा एकच. योहानाचा बाज वेगळा, त्याच्याकडे वेगळ्या आठवणी असाव्यात असं पुष्कळांना वाटतं, पण त्यालाही आधीची शुभवर्तमानं ठाऊक नव्हती असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता जिथे ते एकमेकांशी जुळत नाहीत, ते बघू. माझ्या मते खरी गंमत इथून सुरू होते.

वसईत किंवा गोव्यात नाताळात गोठा मांडतात, त्यात मेंढपाळ आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक बाळाभोवती शेजारीशेजारी उभे असतात. ग्रंथात ते कधीच भेटत नाहीत. मेंढपाळ फक्त लूकमध्ये आहेत, ज्ञानी फक्त मत्तयमध्ये. मत्तयच्या गोष्टीत मरिया आणि योसेफ बेथलेहेमलाच राहतात. हेरोद राजाच्या भीतीने इजिप्तला पळतात आणि परतताना नासरेथ गाठतात. लूकमध्ये त्यांचं घर मुळात नासरेथला. क्विरिनिय सिरियाचा सुभेदार असताना झालेल्या नावनोंदणीसाठी ते बेथलेहेमला जातात आणि तिथे बाळ जन्मतं. हेरोद वारला इ.स.पू. ४ मध्ये. क्विरिनियची नोंदणी झाली इ.स. ६ मध्ये. मधली दहाएक वर्षं बुजवायला गेली दोनशे वर्षं नाना युक्त्या लढवल्या गेल्या. एकही पटण्यासारखी नाही.

मग दोन्ही कथा रद्दीत? जन्मकथा म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही, हे कबूल. पण दोघं धडपडतायत कशासाठी, ते बघा. मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट बघत होते तो तारणारा, दाविद राजाच्या गावात, बेथलेहेमात जन्मेल अशी जुनी भविष्यवाणी होती, त्यामुळे दोघांनाही येशूचा जन्म तिथेच हवा आहे. आणि दोघांच्याही मार्गात तीच धोंड आहे: हा माणूस नासरेथचा होता. नासरेथ म्हणजे गालील प्रांतातलं किरकोळ खेडं, ज्याचा जुन्या करारात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, उल्लेखसुद्धा नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तर एक जण सरळ विचारतो, नासरेथमधून काही चांगलं निघू शकतं का? येशूला कुणी कल्पनेतूनच घडवला असता, तर त्याला सरळ बेथलेहेमचा करून मोकळा झाला असता. ज्याअर्थी दोन लेखकांना दोन उलट्या वाटांनी त्याला बेथलेहेमला न्यावं लागलं, त्याअर्थी नासरेथ ही त्यांच्या हातची गोष्ट नव्हती. ती सगळ्यांना आधीपासून माहीत होती.

### यार्देनच्या काठावर

हीच पद्धत आणखी जवळून बघायची तर येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग घ्यावा. चारही शुभवर्तमानं ओळीने उघडून ठेवावीत आणि एकच प्रसंग वाचावा.

मार्क दोन ओळींत आटोपतो: येशू गालीलातल्या नासरेथहून आला आणि त्याने यार्देन (जॉर्डन) नदीत योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. हा योहान म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, शुभवर्तमानवाला नव्हे. त्याचा बाप्तिस्मा कशासाठी होता, ते मार्कच चार ओळी आधी सांगून गेलाय: पापांची क्षमा मिळावी म्हणून पश्चात्तापाचा. झाली पंचाईत. ज्याला निष्पाप मानायचं तो पापक्षालनाच्या रांगेत उभा, तेही दुसऱ्या एका गुरूपुढे मान लववून!

मत्तयने हे वाचलं असणार आणि त्याला ते खटकलं असणार. त्याच्या ग्रंथात योहान येशूला अडवतो, म्हणतो, खरं तर मीच आपल्या हातून बाप्तिस्मा घ्यायचा, आणि आपण माझ्याकडे येता? येशू समजूत घालतो तेव्हा कुठे तो तयार होतो. मत्तय एवढ्यावर थांबत नाही. 'पापांची क्षमा' हे शब्द मत्तयने योहानाच्या बाप्तिस्म्याच्या वर्णनातून उचललेच आहेत. ते पुढे शेवटच्या भोजनात, येशूच्या तोंडी, प्याल्याबद्दल बोलताना येतात. लूकची तऱ्हा निराळी. तो योहानाला तुरुंगात टाकल्याची बातमी आधी देतो आणि लगेच पुढे म्हणतो, सगळ्या लोकांचा बाप्तिस्मा झाल्यावर येशूचाही झाला. कुणी दिला? वाक्यात कर्ताच नाही. आणि योहानाचं शुभवर्तमान बाप्तिस्म्याचा प्रसंग दाखवतच नाही. तिथे योहान फक्त येशूकडे बोट दाखवून त्याची थोरवी सांगतो.

मार्कनंतरचे तिघं क्रमाने ही गोष्ट सौम्य करत नेतायत. जी गोष्ट सांगणाऱ्यालाच गैरसोयीची आहे ती त्याने स्वतःहून रचली असण्याची शक्यता कमी. अभ्यासक याला अडचणीची कसोटी म्हणतात. पोलिसांत किंवा वकिलीत काम केलेल्यांना ती वेगळी शिकवावी लागत नाही. इथे बाहेरचा दुजोराही आहे. जोसेफस नावाच्या ज्यू इतिहासकाराने पहिल्या शतकाच्या अखेरीस बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल लिहिलंय. लोक त्याच्याकडे लोटत होते, बंड होईल या धास्तीने हेरोद राजाचा मुलगा हेरोद अंतिपा याने त्याला मारलं, असं तो सांगतो. त्या उताऱ्यात येशूचं नावही नाही.

मार्क नीट वाचला की अशा जागा आणखी सापडतात. येशूच्या घरच्यांना वाटतं की त्याला वेड लागलंय, आणि ते त्याला धरून न्यायला येतात. ही ओळ मत्तय आणि लूक दोघांनीही गाळली. आपल्या गावात येशूला चार रोग्यांवर हात ठेवण्यापलीकडे एकही चमत्कार करता आला नाही, असं मार्क म्हणतो. मत्तय 'करता आला नाही'चं 'फारसे केले नाहीत' करून टाकतो. येशूचा वधस्तंभ वाहायला सैनिक वाटेवरच्या शिमोन कुरेनेकराला धरतात, तिथे मार्क मध्येच सांगतो की हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. या दोन मुलांचं कथेत पुढे काहीच काम नाही. मार्कच्या वाचकांना ती ओळखीची असावीत, म्हणून नावं आली असावीत. मत्तय आणि लूक यांच्या वाचकांना ती ठाऊक नसावीत, म्हणून गळाली असावीत. हा तर्कच आहे, पण याहून सरळ तर्क माझ्या वाचनात नाही.

सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे खुद्द वधस्तंभ. मसीहा म्हणजे ज्यूंना सोडवणारा राजा, ही तेव्हाची सर्वसाधारण कल्पना. गुलामांना आणि बंडखोरांना देतात त्या मरणाने मेलेला मसीहा कुणाला पटणार? पौल हा सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक आपल्या पत्रात कबूलच करतो की वधस्तंभावरचा ख्रिस्त ज्यूंना ठेच लागण्यासारखा आणि इतरांना मूर्खपणा वाटतो. लोकांच्या गळी उतरवण्यासाठी नवा देव बनवायचा असता, तर सुरुवातीलाच अशी गोष्ट कोण बनवेल?

या कसोटीला मर्यादा आहेत, आणि त्या हातच्या राखून बोलणं बरोबर नाही. जे मत्तयला अवघड वाटलं ते मार्कला वाटलंच होतं, असं नाही. तो तर बिनदिक्कत सांगून मोकळा होतो. वधस्तंभाच्या वर्णनात जुन्या करारातल्या स्तोत्रांच्या ओळी जागोजागी विणलेल्या आहेत, त्यामुळे आठवण कुठे संपते आणि धर्मग्रंथ कुठे सुरू होतो, हे उसवून दाखवणं कठीण. गेल्या दशक-दीड दशकात अशा कसोट्यांवरचा विश्वास अभ्यासकांतच पातळ झालाय. एकेक वचन कसोटीवर घासून 'हे खरं, हे खोटं' असे शिक्के मारणं आता जुनं झालं.

### चमत्कार आहेत, म्हणजे सगळंच रचलेलं?

पाण्यावर चालणं, पाच भाकरींत पाच हजारांचं जेवण, मेलेला लाजार उठून बसणं. असल्या गोष्टी सांगणाऱ्या पुस्तकावर बाकीच्या बाबतींत तरी विश्वास का ठेवावा?

मराठी वाचकाला याचं उत्तर घरातच मिळेल. महिपतींनी 'भक्तविजय' पुरा केला १७६२ मध्ये. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची. साडेचारशेहून जास्त वर्षांनी लिहिलेल्या त्या ग्रंथात रेडा वेद म्हणतो आणि भिंत चालते. भिंत चालली नसेल असं मानणारे आपल्यात भरपूर आहेत. म्हणून ज्ञानेश्वर झालेच नाहीत, असं काही ते म्हणत नाहीत. ज्ञानदेव एक की दोन, असा वाद मराठीत पूर्वी चांगलाच रंगला होता. शून्य म्हणायची पाळी आली नाही. चमत्कार सांगितला म्हणजे सांगणाऱ्याची भक्ती कळते, आणि ज्याच्याबद्दल सांगितला तो माणूस होता की नव्हता, हे त्यावरून कळत नाही. अर्थात ज्ञानेश्वरांची ज्ञानेश्वरी आपल्या हाती आहे, येशूचं असं काही नाही. तेव्हा हा दाखला इथवरच.

### खरा भक्कम दुवा एका पत्रात आहे

येशूच्या अस्तित्वाचा सर्वांत जवळचा पुरावा शुभवर्तमानांत नाहीच, असं मला वाटतं. तो पौलाच्या पत्रांत आहे. नव्या करारात पौलाच्या नावावर १३ पत्रं आहेत. त्यांतली सात त्याचीच, यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे. ती इ.स. ५० ते ६० च्या दरम्यानची, म्हणजे मार्कच्याही आधीची. पौल येशूला कधी भेटला नव्हता. उलट तो येशूच्या अनुयायांचा छळ करायचा आणि नंतर त्यांच्यातलाच झाला.

गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो चिडलेला आहे. आपला अधिकार यरुशलेमच्या पुढाऱ्यांकडून आलेला नाही, हे त्याला ठासून सांगायचंय. त्या भरात तो लिहितो की तीन वर्षांनी मी यरुशलेमला गेलो, केफाकडे म्हणजे पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो, आणि प्रभूचा भाऊ याकोब सोडून दुसरा कुणी प्रेषित (येशूच्या संदेशाचा अधिकृत प्रचारक) मला दिसला नाही. पुढे शपथ घेतो की यात खोटं काही नाही. येशूचा पट्टशिष्य आणि येशूचा भाऊ यांच्याशी झालेली भेट सांगतोय, तीही त्यांचं महत्त्व कमी करण्यासाठी. भाऊ काल्पनिक असता, तर पौलाच्या विरोधकांनी त्याला तिथेच गाठला असता.

येशू हे मुळात आकाशातलं दैवत होतं आणि नंतर त्याला जमिनीवर आणलं, असं मानणारे लोक यावर म्हणतात की 'प्रभूचा भाऊ' ही नुसती पदवी. सगळे ख्रिस्ती एकमेकांना भाऊच म्हणायचे. उत्तर पौलाच्याच दुसऱ्या पत्रात आहे. करिंथकरांना तो विचारतो, इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा हे आपापल्या बायकांना बरोबर घेऊन फिरतात, मग आम्हालाच तो हक्क का नाही? म्हणजे प्रभूचे भाऊ हा प्रेषितांहून आणि केफाहून वेगळा गट आहे. येशू स्त्रीपासून जन्मला, दाविदाच्या वंशातला होता, त्याला वधस्तंभावर दिलं आणि पुरलं, हेही पौल लिहितो. आकाशातल्या दैवताला भाऊ आणि वहिन्या असणं जरा कठीणच.

मग पौल गालील, येशूचे दाखले (बोधकथा), चमत्कार यांबद्दल जवळजवळ गप्प का? हा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. ही पत्रं चालू भांडणांवर लिहिलेली आहेत, चरित्र म्हणून नाहीत, असं उत्तर दिलं जातं. ते बरंचसं पटतं, पूर्ण नाही.

### रोमन दफ्तरात काहीच कसं नाही?

एवढा मोठा माणूस होता तर रोमन सरकारकडे नोंद नको? हा प्रश्न उलटा टांगलेला आहे. येशू मोठा झाला नंतर. इ.स. ३० मध्ये रोमच्या दृष्टीने तो दूरच्या प्रांतातला एक भटका उपदेशक, आणि असे तिथे पुष्कळ होते. शिवाय यहूदियाचं, म्हणजे यरुशलेम ज्यात होतं त्या प्रांताचं, रोमन दफ्तरच शिल्लक नाही. खुद्द पिलात इ.स. २६ ते ३६ अशी दहा वर्षं तिथला सर्वोच्च अधिकारी होता. त्याच्या काळात त्याचं नाव कोरलेला दगड मिळाला थेट १९६१ मध्ये, कैसरियाच्या प्राचीन नाट्यगृहात, पायऱ्यांच्या बांधकामात पुन्हा वापरून टाकलेला.

बाहेरचे उल्लेख आहेत, पण थोडे. जोसेफसच्या ग्रंथात, इ.स. ९३ च्या सुमाराचा तो, दोन जागा आहेत. पहिलीत येशूची भरभरून स्तुती आहे: 'तो ख्रिस्त होता', तिसऱ्या दिवशी जिवंत दिसला, वगैरे. आयुष्यभर ज्यू राहिलेला माणूस हे लिहिणं शक्य नाही. नंतरच्या कुणा ख्रिस्ती लेखनिकाचा हात त्यात फिरलाय. मूळचा साधा उल्लेख होता आणि त्यात भर घातली, असं बहुतेकांचं मत. सगळाच उतारा घुसवलेला, असंही काही म्हणतात. या उताऱ्यावर मी तरी फार भार टाकणार नाही. दुसरी जागा वेगळी. इ.स. ६२ मध्ये रोमन सुभेदाराची जागा रिकामी असल्याची संधी साधून ज्यूंच्या महायाजकाने काहींना दगडमार करवला. त्यांतल्या एकाची ओळख जोसेफस देतो, 'ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ, याकोब'. स्तुती नाही, निंदा नाही, नुसती ओळख. पौल ज्याला भेटला तोच हा याकोब. आणि तेव्हा पंचविशीत असलेला जोसेफस यरुशलेमचाच.

रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६ च्या सुमारास लिहितो की सम्राट नीरोने रोमच्या आगीचं खापर ज्यांच्यावर फोडलं त्या ख्रिस्ती लोकांचा मूळ पुरुष आधीचा सम्राट तिबेरियस याच्या राज्यात पिलाताच्या हातून मारला गेला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता, त्यामुळे त्याने त्यांची जाहिरात केली असं म्हणता येत नाही. पण त्याने हे सरकारी कागद चाळून लिहिलं की ख्रिस्ती लोक सांगत होते तेच उतरवलं, कळायला मार्ग नाही. पिलाताचा हुद्दाही तो चुकीचा देतो; कैसरियाच्या दगडावर वेगळा आहे.

### मिथ्रास, २५ डिसेंबर आणि काश्मीर

मिथ्रास, ओसायरिस या जुन्या देवांच्या आणि कृष्णाच्या कथांची नक्कल करून येशू बनवला, असे तक्ते इंटरनेटवर फिरतात. त्यांतल्या बहुतेक ओळी मूळ ग्रंथांत सापडतच नाहीत. मिथ्रास कुमारिकेपोटी नाही, खडकातून जन्मतो. आणि २५ डिसेंबर ही तारीख एकाही शुभवर्तमानात नाही, ती कॅलेंडरात नंतर आली. तिच्यावरून येशूबद्दल काही सिद्ध करणं म्हणजे जयंतीच्या सुट्टीवरून चरित्र लिहिणं.

आपल्याकडचे फाटे निराळे. निकोलस नोटोविच या रशियन माणसाने १८९४ मध्ये पुस्तक काढलं की लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतवासाचं हस्तलिखित आपण पाहिलं. दुसऱ्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस हेमिसला जाऊन आले. मठाच्या प्रमुखांनी असला ग्रंथ नाही आणि असला पाहुणाही आला नव्हता, असं सांगितलं. श्रीनगरच्या खानयार भागातली रोजाबल कबर येशूची, हे मत मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं. मराठीत बाबाराव सावरकरांनी 'ख्रिस्तपरिचय' लिहून येशू तमिळ हिंदू असल्याचं सांगितलं. २०१६ मध्ये ते पुस्तक पुन्हा छापलं तेव्हा बातम्याही झाल्या. शुभवर्तमानं ४० वर्षं उशिरा लिहिली म्हणून ज्यांना नापसंत, त्यांनी १८०० वर्षांनी निघालेल्या या गोष्टी मात्र विनातक्रार गिळाव्यात, याचं नवल वाटतं.

### 'अभ्यासक ख्रिस्तीच असतात, ते दुसरं काय म्हणणार?'

पुष्कळ जण ख्रिस्ती आहेत, हे खरंच. पण येशू होऊन गेला असं म्हणणाऱ्यांत गेझा व्हर्मेश यांच्यासारखे ज्यू अभ्यासक आहेत आणि बार्ट अर्मन यांच्यासारखे श्रद्धा सोडलेलेही. येशू झालाच नाही, हे मत एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ब्रूनो बावर आणि १९०९ मध्ये आर्थर ड्र्यूस यांनी जोरात मांडलं. आजही थोडे लोक मांडतात. त्यांच्यामुळे एक बरं झालं. मोघम पुरावे मोघमच म्हणून बाजूला पडले आणि जोसेफसच्या त्या स्तुतीपर उताऱ्यासारख्या जागा पुन्हा तपासल्या गेल्या.

### मग सिद्ध होतं ते किती?

फार नाही. नासरेथचा एक ज्यू उपदेशक, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या चळवळीतून पुढे आलेला, गालीलमध्ये देवाच्या राज्याबद्दल बोलणारा, भाऊ-बहिणी असलेला, यरुशलेमात सणाच्या दिवसांत पकडला गेलेला आणि पिलाताच्या हुकमाने मारलेला. एवढ्यावर बहुतेकांचं एकमत होतं. तो नेमका कोण होता, यावर लगेच फाटाफूट होते. जगाचा अंत उद्यावर आलाय असं सांगणारा, की शहाणपणाचे दाखले देणारा? मार्कमध्ये येशू म्हणतो की इथे उभे असलेल्यांपैकी काही जण देवाचं राज्य आलेलं बघितल्याशिवाय मरणार नाहीत. ते मेले, राज्य आलं नाही. हे वाक्य कुणी नंतर घुसवलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून मी पहिल्या बाजूला झुकतो. दुसऱ्या बाजूला झुकणाऱ्यांकडेही त्यांची कारणं आहेत.

आणि पुनरुत्थान? येशूच्या मृत्यूनंतर लवकरच काही लोक म्हणू लागले की तो आपल्याला जिवंत दिसला. पौल अशांची यादीच देतो, आणि ती आपल्यालाही इतरांकडूनच मिळाली असं सांगतो. ते लोक तसं म्हणत होते, इथपर्यंत इतिहास येतो. त्यांना दिसलं ते काय होतं, हे सांगायची साधनं त्याच्याकडे नाहीत.